आजींच्या गाण्याची टेप का उरली नसेल: एका जुन्या स्टुडिओतल्या कामाविषयी

प्रश्न विचारणाऱ्या बाईंच्या आजी १९७९ च्या सुमारास एका प्रादेशिक दूरचित्रवाणी केंद्रावर भावगीते गायल्या होत्या. घरात करारपत्र आहे, मेकअप केलेल्या आजींचे एक छायाचित्र आहे, पण त्या कार्यक्रमाचे मुद्रण (रेकॉर्डिंग) कोठेही सापडत नाही. ते का नसावे, आणि त्या काळचे जे थोडे कार्यक्रम आज पाहायला मिळतात ते इतके संथ, एका जागी खिळल्यासारखे का वाटतात, असे दोन प्रश्न त्यांनी केले आहेत. मी १९७६ साली, म्हणजे दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले त्याच वर्षी, अशाच एका केंद्रात प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून रुजू झालो. पुढे बरीच वर्षे फ्लोअर मॅनेजर होतो आणि निवृत्त झालो तो निर्माता म्हणून. केंद्राचे नाव घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात आमच्या चुकाही आहेत, आणि त्या चुकांत सामील असलेले बहुतेक सहकारी आता आपली बाजू सांगायला हयात नाहीत.

दोन्ही प्रश्नांचे उत्तर माझ्या मते एकाच वस्तूत आहे, ती म्हणजे टेप. टेप सहजासहजी कापता-जोडता येत नव्हती म्हणून कार्यक्रम तसे दिसत, आणि टेप महाग होती म्हणून ते उरले नाहीत. ‘तेव्हा लोकांना जमतच नव्हते’ आणि ‘शेवटी सरकारी कारभार’ ही दोन स्पष्टीकरणे नेहमी ऐकू येतात. त्यांत काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही, पण ती देणाऱ्यांनी त्या काळचे यंत्र बहुधा पाहिलेले नसते, म्हणून आधी यंत्राविषयी सांगतो.

आमच्या व्हीटीआर (व्हिडिओ टेप रेकॉर्डर) विभागात दोन इंच रुंद टेपवर चालणारी यंत्रे होती. एकेक यंत्र दोन लोखंडी कपाटे शेजारी ठेवावीत एवढे मोठे. तासाभराच्या टेपचे रीळ डब्यासकट आठ-दहा किलो भरे, ते दोन्ही हातांनी छातीशी धरूनच न्यावे लागे. यंत्रातल्या एका चकतीवर चार हेड, म्हणजे टेपवर चित्र उमटवणारे आणि वाचणारे भाग, बसवलेले असत आणि ती चकती मिनिटाला १५,००० फेरे घेई; यंत्र सुरू झाले की शिट्टीसारखा एक उंच सूर खोलीत भरून राही आणि तिथे पाळी करणारे लोक बाहेर आल्यावरही मोठ्याने बोलत. हेड शे-दोनशे तासांत झिजत आणि नवे मिळणे सोपे नसे, त्यामुळे यंत्र किती तास चालले याची नोंद गाडीच्या किलोमीटरसारखी ठेवली जाई. फिल्म उजेडासमोर धरली की तिच्यावरचे चित्र दिसते. टेपवर काहीच दिसत नाही, ती नुसती तपकिरी पट्टी. ती ब्लेडने कापून जोडण्याची विद्या परदेशांत आमच्या आधीच्या पिढीने वापरली होती. आमच्या काळात इलेक्ट्रॉनिक जोड देता येई, पण त्यासाठी दोन यंत्रे एकाच वेळी गुंतून पडत, आणि संध्याकाळच्या प्रक्षेपणासाठी त्यांतले एक मोकळे लागेच.

परिणाम असा, की पंचवीस मिनिटांचा कार्यक्रम सलग पंचवीस मिनिटांतच मुद्रित व्हायचा. अठराव्या मिनिटाला निवेदिकेची जीभ अडखळली, कॅमेऱ्यासमोरून कोणाची सावली सरकली किंवा तबल्याची गादी सुटली, तर दोनच मार्ग उरत: चूक तशीच राहू द्यायची किंवा पहिल्या सेकंदापासून पुन्हा सुरुवात करायची. दुसरा मार्ग बोलायला सोपा. पण कलाकार दमलेला असे, साथीदारांना शेवटची गाडी गाठायची असे आणि स्टुडिओ तासाभरात मुलांच्या कार्यक्रमाला द्यायचा असे. म्हणून निर्मात्याची पहिली काळजी चूक होऊ न देण्याची असे, आणि जो चुकू नये म्हणून काम करतो तो धाडस कमी करतो. तुम्हाला जो संथपणा जाणवतो त्यातला निम्मा इथून येतो.

उरलेला निम्मा कॅमेऱ्यामुळे. स्टुडिओत तीन कॅमेरे असत. कॅमेरा, त्याखालचा पेडेस्टल आणि मागून येणारी मनगटाएवढी जाड केबल असे सगळे मिळून ते धूड हलवायचे तर कॅमेरामन एकटा पुरा पडत नसे. केबल उचलून मागून फिरणारा एक माणूस स्वतंत्र लागे, आणि तो चुकला तर केबल पेडेस्टलच्या चाकाखाली येऊन चित्राला हिसका बसे. ज्या कॅमेऱ्याचे चित्र बाहेर जात आहे त्याच्यावरचा लाल दिवा लागलेला असताना तो जागचा हलवायचा नाही, हलवायचा तर तालमीत ठरलेल्या जागीच. म्हणजे गायिकेच्या चेहऱ्यावरून तबल्याच्या बोटांकडे जायचे तर दुसऱ्या कॅमेऱ्याने आधीच तबल्यापाशी पोहोचून, फोकस साधून थांबलेले असले पाहिजे. तो पोहोचेपर्यंत पहिला कॅमेरा गायिकेवरच राहणार. आज पाहणाऱ्याला वाटते की निर्माता झोपला आहे. प्रत्यक्षात तो कंट्रोल रूममध्ये टॉकबॅकवर, म्हणजे कॅमेरामनच्या कानात ऐकू जाणाऱ्या माइकवर, ‘दोन नंबर, लवकर, अंतरा संपतोय’ असे दबक्या आवाजात विनवत असतो.

आजींच्या मुद्रणाचा दिवस कसा गेला असेल ते मी बरेचसे सांगू शकतो, कारण असे शेकडो दिवस मी पाहिले आहेत. त्यांना दुपारी बोलावले असेल. आधी मेकअपच्या खोलीत बसवून पॅनकेकचा थर दिला असेल, आणि तिथेच बहुतेक साडीवरून वाद झाला असेल. पहिल्यांदा येणाऱ्या गायिका घरातली सर्वांत चांगली साडी नेसून येत, म्हणजे बहुधा हिरवी आणि तिला लाल काठ. कृष्णधवल चित्रात हिरवा आणि लाल हे दोन्ही रंग अनेकदा एकाच करड्या छटेत उतरतात. काठ नाहीसा होतो आणि हजार रुपयांची साडी एकरंगी सुती पातळासारखी दिसते. पांढरी शुभ्र साडी त्याहून वाईट, कारण तिच्या चकाकीने चेहरा काळवंडतो. आमच्या मेकअप विभागात फिकट निळी आणि फिकट पिवळी अशा दोन साड्या अशा प्रसंगांसाठी कायम घडी करून ठेवलेल्या असत, आणि मला आठवते त्याप्रमाणे निदान वीस गायिका त्या निळ्या साडीत पडद्यावर येऊन गेल्या. छायाचित्रातल्या आजींची साडी घरात कोणी ओळखत नसेल तर आश्चर्य मानू नका.

त्यानंतर बांगड्या. काचेच्या बांगड्यांचा आवाज माइक जसा टिपतो तसा आपला कान टिपत नाही, आणि हातवारे करीत गाणाऱ्या बाईंच्या बांगड्या ध्वनिमुद्रकाच्या कानात अक्षरशः खणखणत. सवाष्ण बाईला बांगड्या उतरवायला सांगणे हे काम मात्र ध्वनिमुद्रक करीत नसे, ते फ्लोअर मॅनेजरकडे येई, आणि मी ते नेहमी मेकअप करणाऱ्या बाईंकडे ढकलत असे. त्यांनी काढलेला तोडगा असा होता की बांगड्या उतरवायच्याच नाहीत, त्या मनगटावर वर सरकवून दोऱ्याने घट्ट बांधायच्या आणि वरून पदर घ्यायचा. जुन्या चित्रणांत गायिकेचा उजवा हात पदराखाली दिसला तर त्याचे कारण दर वेळी शालीनता हेच असते असे नाही.

सर्वांत अवघड गोष्ट तानपुऱ्याची. यंत्रांसाठी स्टुडिओ इतका थंड ठेवलेला असे की आम्ही मे महिन्यातही स्वेटर घालून काम करीत असू. वादक बाहेरच्या दमट हवेतून येत, तासभर बसून तानपुरे-तबले लावत, तालीम होई. मग मुद्रणासाठी सगळे दिवे पूर्ण लागत. एक किलोवॉट, दोन किलोवॉटचे दहा-पंधरा दिवे डोक्यावर एकदम पेटले की दहा मिनिटांत मंचावरची हवा तापे, तारा उतरत आणि तबला चढे. आता पुन्हा लावायला वेळ द्या म्हणावे तर व्हीटीआरवरून निरोप येई की टेप चढवलेली आहे. अनुभवी कलाकारांना हे ठाऊक असे. ते तालमीलाच ‘सगळे दिवे लावा, मग सूर लावतो’ असे बजावत. नव्यांना ठाऊक नसे, आणि आकाशवाणीच्या बंद, दिवे नसलेल्या स्टुडिओची सवय असलेल्या चांगल्या चांगल्या कलाकारांची पहिली दूरचित्रवाणी मैफल याच कारणाने बेसूर झालेली मी पाहिली आहे. दोष त्यांच्या पदरी पडला, कारण प्रेक्षकाला दिव्यांची उष्णता दिसत नाही.

मुद्रण सुरू झाले की फ्लोअर मॅनेजरला तोंड उघडता येत नाही. कानात निर्मात्याचा आवाज, आणि तो जे बोलेल ते हातांनी समोरच्याला सांगायचे. दोन बोटे म्हणजे दोन मिनिटे उरली, एक बोट म्हणजे एक, मनगटांची फुली म्हणजे अर्धे मिनिट, हवेत बोट गोल फिरवले की आवरते घ्या, दोन्ही हातांनी रबर ताणल्यासारखे केले की वेळ उरला आहे, लांबवा. मंचावर बसणाऱ्यांना या खुणा तालमीत समजावून सांगितल्या जात, पण दिवे लागल्यावर त्या त्यांच्या ध्यानात राहतीलच याची खात्री नसे. शेतीच्या एका थेट कार्यक्रमात एक बागाइतदार बोलत होते, द्राक्षावरच्या रोगावर, आणि फार छान बोलत होते. मी दोन बोटे दाखवली. ते थांबले, माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाले, ‘दोन नाही, तीन फवारण्या.’ मी घाबरून एक बोट दाखवले. ‘अहो एका फवारणीनं काय होतंय?’ हे वाक्य जसेच्या तसे बाहेर गेले. सूत्रसंचालकाने प्रसंग सावरला, पण कार्यक्रम अकरा सेकंद लांबला, आणि त्या अकरा सेकंदांचे लेखी स्पष्टीकरण मला दुसऱ्या दिवशी द्यावे लागले. ते मी काय लिहिले होते ते आठवत नाही. बोटांचा उल्लेख केला नव्हता एवढे नक्की.

‘थेट’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. आजचा वाचक गृहीत धरतो की जे प्रक्षेपित झाले ते कोठेतरी मुद्रित झालेच असणार. तसे नव्हते. शेतीचे कार्यक्रम, मुलाखती, उद्घोषणा, बातम्या यांतला फार मोठा भाग स्टुडिओतून सरळ प्रक्षेपकाकडे जाई आणि हवेत विरून जाई. टेपवर घेतले जाई ते प्रामुख्याने ज्याची वेळ जुळत नसे ते: सकाळीच मोकळा असलेला कलाकार, बाहेरगावचा पाहुणा, किंवा नाटकाचा प्रवेश. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि तिथे स्मिता पाटील, भक्ती बर्वे यांच्यासारख्या पुढे रंगभूमीवर आणि पडद्यावर मोठ्या झालेल्या अभिनेत्री बातम्या देत असत, हे अनेकांना ऐकून ठाऊक आहे. त्या बातम्या पाहायला मिळत नाहीत म्हणून लोक हळहळतात, पण रोजची बातमीपत्रे जपून ठेवण्यासाठी टेपवर घेण्याची रीतच त्या काळी नव्हती.

बातम्यांविषयी थोडक्यातच सांगतो, कारण तो माझा विभाग नव्हता. जिल्ह्यातून येणारे चित्रण १६ मिलिमीटर फिल्मवर असे. शंभर फुटांचे एक रीळ सेकंदाला पंचवीस चौकटींच्या वेगाने दोन मिनिटे चाळीस सेकंद चालते, आणि चावी भरून चालणाऱ्या बोलेक्स कॅमेऱ्याची एक चावी अर्ध्या मिनिटाच्या आतच उतरते. म्हणून अशा कॅमेऱ्याने टिपलेले कोणतेही सलग दृश्य त्याहून लांब दिसणार नाही. पुराचे, अपघाताचे, मंत्र्यांच्या दौऱ्याचे रीळ डबीत घालून एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिले जाई, आमचा माणूस स्टँडवर उभा राहून ते उतरवून घेई, मग ते धुऊन, जोडून संध्याकाळपर्यंत टेलिसिनेवर, म्हणजे फिल्मवरचे चित्र प्रक्षेपणासाठी बदलून देणाऱ्या यंत्रावर, चढवायचे. चित्र मुके असे. वृत्तनिवेदक समोरच्या कागदावरून, टेलिप्रॉम्प्टरशिवाय, पडद्याकडे तिरक्या नजरेने पाहत त्याला शब्द जोडी. जोड सुटून फिल्म तुटली की ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ ही पाटी. त्या पाटीची लोकांनी पुष्कळ थट्टा केली आणि ती योग्यही होती, पण पाटी लागलेली असताना टेलिसिनेच्या खोलीत काय चाललेले असे ते पाहिलेला माणूस हसला नसता.

अक्षरांविषयी मात्र मी लांबण लावणार आहे, कारण त्याबद्दल कोणी विचारत नाही. पडद्यावर दिसणारे प्रत्येक नाव आमच्या कला विभागात हाताने रंगवले जाई. काळा पुठ्ठा, पांढरा पोस्टर कलर, चपटा ब्रश. पुठ्ठा स्टँडवर ठेवायचा, एका कॅमेऱ्याने तो टिपायचा आणि व्हिजन मिक्सरवर त्याचे चित्र गायिकेच्या चित्रावर चढवायचे. काळे नाहीसे होते, पांढरी अक्षरे उरतात. देवनागरीत शिरोरेषा सरळ नसेल तर ६२५ आडव्या ओळींनी बनलेल्या दूरचित्रवाणीच्या चित्रात ती थरथरते, म्हणून आमचे चित्रकार शिरोरेषा मुद्दाम जाड ठेवत आणि रफार, अनुस्वार अंमळ मोठे काढत. बारीक टिंब घरच्या पडद्यावर दिसतच नसे. शेवटची नामावली पुठ्ठ्यांवर नव्हे, तर लांब काळ्या कागदाच्या पट्टीवर लिहून एका रुळावर गुंडाळलेली असे, आणि रुळाला हँडल असे. हँडल हाताने फिरवायचे. वेग जरा कमीजास्त झाला की अक्षरे गचके खात. आमच्याकडे ते काम एक वयस्क शिपाई करीत. फिरवताना ते श्वास रोखून धरत, त्यामुळे नामावली एका श्वासात मावेल एवढीच लिहायची असा कला विभागाचा अलिखित नियम होता. एकदा एका निर्मात्याने सतरा नावे दिली. बाराव्या नावापाशी पट्टी क्षणभर थांबली, मग पुढे गेली.

आता टेप पुसण्याविषयी. एकेक टेप परदेशातून येई, तिच्यासाठी परकीय चलन लागे, आणि वर्षाला मिळणाऱ्या टेपांची संख्या ठरलेली असे. रोज काही ना काही मुद्रित करायचे तर एकच टेप पुन:पुन्हा वापरण्यावाचून गत्यंतर नव्हते. हे आपल्याकडेच घडले असेही नाही; ब्रिटनमध्ये बीबीसीनेही साठ-सत्तरच्या दशकांत आपले असंख्य कार्यक्रम असेच पुसले आणि १९७८ च्या सुमारास जपणुकीचे धोरण बदलले. आमच्याकडे पद्धत अशी होती: कार्यक्रम प्रक्षेपित झाला की टेप ग्रंथालयात जाई, काही आठवड्यांनी निर्मात्याकडे एक छापील फॉर्म येई, आणि त्यात ‘जतन करावा’ किंवा ‘पुसण्यास हरकत नाही’ यांपैकी एकावर खूण करून सही करायची. जतन करावा असे लिहिले तर कारणे द्यावी लागत आणि ती वरिष्ठांना पटावी लागत. मोठे शास्त्रीय गायक, नामवंत साहित्यिक, राष्ट्रीय नेते यांच्या बाबतीत कारण द्यायची गरज नसे. ‘बी हाय’ या आकाशवाणीच्या मधल्या श्रेणीतल्या सुगम संगीताच्या कलाकारासाठी मात्र काय कारण लिहिणार? ‘चांगले गायले’ हे कारण होत नव्हते.

पुसण्याचे यंत्र म्हणजे एक मोठे विद्युतचुंबक. त्याच्यावर रीळ ठेवून हळूहळू फिरवायचे आणि फिरवत फिरवतच दूर न्यायचे. बटण बंद करून मग उचलले तर टेपमध्ये घरघर राहते. जवळ जाताना मनगटावरचे घड्याळ काढून ठेवावे लागे, नाहीतर ते चुंबकित होऊन पुढे-मागे चालू लागे. तासाभराचा कार्यक्रम पुसायला एक मिनिटही लागत नसे. मग डब्यावरच्या जुन्या लेबलवर नवे लेबल चिकटवायचे. वापरून वापरून काही डब्यांवर सात-आठ लेबलांचा थर जमलेला असे, आणि टेप इतकी झिजलेली की चित्रात पांढरे ठिपके चमकत. त्याला आम्ही ड्रॉपआउट म्हणत असू. माझ्या सहीने जे पुसले गेले त्यात एका भारूड करणाऱ्या मंडळींचा कार्यक्रम होता. ती माणसे रात्रभर एसटीने प्रवास करून आली होती, स्टुडिओच्या गार जमिनीवर अनवाणी नाचली होती आणि मुख्य गायक सत्तरीचे होते. फॉर्मवर खूण करताना मला विशेष काही वाटले नाही, हे आज सांगणे भाग आहे. त्या आठवड्यात टेप हवी होती, आणि भारूड पुन्हा केव्हाही मुद्रित करता येईल असे मी धरून चाललो होतो. दोन वर्षांनी निरोप पाठवला तेव्हा ते गृहस्थ गेलेले होते.

पुढे परिस्थिती बदलली. १९८२ साली रंग आला, त्याच सुमारास पाऊण इंची यू-मॅटिक कॅसेटचा वापर वाढला, आणि संकलन खऱ्या अर्थाने हाती आले. कार्यक्रमांचा वेग बदलला तो तिथून. माणसे तीच होती, कॅमेरामन तेच होते. जे दृश्य बिघडले तेवढेच पुन्हा घेता येऊ लागले, तेव्हा आम्हीही धीट झालो. मात्र त्याची एक किंमत होती असे माझे प्रामाणिक मत आहे. पूर्वी तालमीला जो वेळ दिला जाई तो ‘एडिटला बघू’ या दोन शब्दांनी खाऊन टाकला, आणि सलग पंचवीस मिनिटे न चुकता काम करण्याची जी सवय कलाकारांना आणि तंत्रज्ञांना होती ती दहा वर्षांत गेली. कॅसेट स्वस्त होती म्हणून पुसणे थांबले असेही झाले नाही, ते फक्त कमी झाले. शिवाय जे जपले त्यालाही हवेने गाठले: दमट हवेत टेपवरचा थर चिकट होतो, यंत्रात घातली की हेडवर राळ जमते, आणि दोन इंची टेप शाबूत असली तरी ती वाजवणारे चालू यंत्र आणि ते चालवू शकणारा माणूस ही दोन्ही एका जागी सापडणे आता दुर्मीळ झाले आहे.

आजींच्या गाण्याबाबत व्यावहारिक सल्ला देतो. आधी करारपत्र नीट पाहा. आमच्याकडच्या करारपत्रांवर कार्यक्रम मुद्रित होणार असेल तर मुद्रणाची आणि प्रक्षेपणाची अशा दोन तारखा असत. एकच तारीख आणि वेळ असेल तर कार्यक्रम थेट झाला असण्याची शक्यता मोठी, आणि मग शोधण्यासारखी टेपच नाही. दोन तारखा असतील तर त्या तारखा, करार क्रमांक, आजींचे त्या वेळी नोंदवलेले नाव (माहेरच्या नावाने गात असल्या तर तेच) आणि साथीदारांची नावे लिहून संबंधित केंद्राच्या टेप ग्रंथालयाकडे लेखी विचारणा करा. नुसते ‘१९७९ मधले भावगीत’ असे लिहिलेत तर कोणीही शोधू शकणार नाही, कारण जुन्या नोंदवह्या तारखेनुसार आणि टेप क्रमांकानुसार आहेत, कलाकारानुसार नाहीत. नोंद सापडली आणि तिच्यासमोर लाल शाईची रेघ असली तर टेप पुसलेली आहे असे समजावे. निदान आमच्या वहीत लाल रेघेचा अर्थ तोच होता.

त्याच वेळी दुसरीकडेही शोध घ्या, आणि तिथे यश येण्याची शक्यता मला अधिक वाटते. तेव्हा चाळीत किंवा आळीत एखाद्याच घरी दूरचित्रवाणी संच असे, आणि ओळखीच्या बाई गाणार म्हटल्यावर सगळे तिथे जमत. ज्याच्याकडे कॅसेट टेपरेकॉर्डर असे तो ते यंत्र संचाच्या भोंग्यासमोर स्टुलावर ठेवून बटण दाबून बसे. माझ्या ओळखीच्या तीन कलाकारांचे त्या काळचे गाणे आज आहे ते अशाच कॅसेटवर. चित्र नाही, मध्ये कोणाचा तरी खोकला आहे, एका कॅसेटवर कुकरची शिट्टी आहे. आजींचे शेजारी, तबलजींची मुले, संच ज्यांच्या घरी होता ते कुटुंब, यांना विचारा. माळ्यावरच्या कॅसेटींच्या लेबलांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक कॅसेट दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत ऐका, कारण घरोघरीही एका टेपवर दुसरे भरण्याची सवय होतीच, आणि जुने मुद्रण पुष्कळदा नव्याच्या शेवटी, उरलेल्या पाच-सात मिनिटांत सापडते.